अठ्ठाविसावी चाल

प्रस्तावना

सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत माणूस लहानमोठे निर्णय घेत असतो. भाजी कोणाकडून घ्यावी, मुलीला कोणत्या शाळेत घालावे, हातची नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढावा की नाही, असे किती तरी. त्यांतले काही निर्णय चुकतात. चूक उमगली की आपण म्हणतो, ‘डोळ्यांवर पडदा आला होता.’ हा पडदा म्हणजे नेमके काय? तो केवळ अजाणत्याच्याच डोळ्यांवर येतो, की जाणत्याच्याही?

या प्रश्नाचा शोध घ्यायला बाजार किंवा कचेरी ही फारशी सोयीची जागा नाही. माणसाच्या समोर कोणकोणते पर्याय होते, त्यांतला त्याने केव्हा कोणता निवडला, याची नोंद तेथे उरत नाही. बुद्धिबळाच्या पटावर मात्र ती उरते. प्रत्येक चाल कागदावर लिहिली जाते, तिला लागलेला वेळ घड्याळ सांगते आणि पट दोघांनाही सारखाच दिसत असतो. तेथे नशिबाचे फासे नाहीत. लपवलेली पाने नाहीत. म्हणून मानवी निर्णयांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ गेली कित्येक दशके या खेळाकडे वळत आले आहेत.

प्रस्तुत पाठात चेन्नई शहराशी जोडलेल्या तीन डावांची हकिगत आहे. बुद्धिबळ खेळता येत नसले तरी हरकत नाही. जेथे पटाची माहिती लागेल तेथे ती दिलेली आहे.

मूलपाठ

चेन्नईतील काचेची खोली

भारतात बुद्धिबळाचे माहेरघर कोणते, असे विचारले तर आज बहुतेक जण चेन्नईचेच नाव घेतील. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल एरन याच शहरातले. त्यांना हा किताब १९६१ मध्ये मिळाला. १९८८ मध्ये भारताला पहिला ग्रँडमास्टर मिळाला, तो विश्वनाथन आनंद यांच्या रूपाने. तेही चेन्नईतच वाढले. मराठी मुलखात सांगलीला जो मान आहे, तोच तामिळ मुलखात, आणि काहीसा अधिकच, चेन्नईला आहे.

नोव्हेंबर २०१३ मध्ये जगज्जेतेपदाचा सामना या शहरात भरला. २००७ पासून जगज्जेते असलेले आनंद त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते. आव्हान देणारा नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन बावीस वर्षांचा होता. एका मोठ्या हॉटेलात मंचावर काच लावून खेळाडूंची जागा वेगळी केली होती आणि काचेपलीकडे प्रेक्षक बसत. सामना बारा डावांचा होता. आठ डाव झाले तेव्हा कार्लसनचे ५ आणि आनंद यांचे ३ गुण होते. साडेसहा गुण मिळवणारा जिंकणार होता. चार डाव उरले होते, म्हणजे आनंद यांना आता जिंकणे भाग होते. बरोबरीचा उपयोग नव्हता.

२१ नोव्हेंबरला नववा डाव सुरू झाला. पांढरी मोहरी आनंद यांच्याकडे होती. त्यांनी सावध खेळ बाजूला ठेवला आणि काळ्या राजावर थेट चाल करून जाणारी मांडणी निवडली. राजाच्या बाजूची प्यादी पुढे सरकू लागली. पटाच्या दुसऱ्या अंगाला कार्लसनचे एक प्यादे एकटेच खाली धावत होते. दोघांचीही शर्यत लागली होती : पांढऱ्याचा हल्ला आधी पोचतो, की काळ्याचे प्यादे शेवटच्या घरात जाऊन वजीर होते?

सव्विसाव्या चालीला पांढरा वजीर काळ्या राजाच्या अगदी तोंडाशी, एच-६ या घरात येऊन बसला. (पटावरच्या उभ्या ओळींना ए पासून एच पर्यंत अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे अंक असतात.) आता पांढरा हत्ती एच-४ वर आला की पुढच्या चालीला मात. सत्ताविसाव्या चालीला हत्ती एफ-४ वर आला; एच-४ एका उडीवर राहिले. त्याच वेळी काळे प्यादे बी-१ वर पोचले, त्याचा वजीर झाला आणि पांढऱ्या राजाला शह बसला.

शह अडवायला आनंद यांच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग होते. उंट मध्ये घालावा किंवा घोडा मध्ये घालावा. दोन्ही मोहरे एफ-१ या एकाच घरात येणार होते. उंट घातला असता तर काळ्याच्या नव्या वजिराला डी-१ वरून एच-५ वर जाऊन स्वतःचा बळी द्यावा लागला असता आणि डाव पुढे चालू राहिला असता. आनंद यांनी घोडा घातला. कार्लसनने नवा वजीर ई-१ वर ठेवला. आनंद यांनी पटाकडे पाहिले आणि डाव सोडून दिला.

एवढ्यात घडले काय? घोडा आधी जी-३ या घरात उभा होता. ई-१ पासून एच-४ पर्यंत जी तिरकी वाट जाते तिच्या मधोमध हे घर येते. घोडा तेथे होता तोवर ती वाट बंद होती. घोडा उचलला आणि वाट उघडली. आता हत्ती एच-४ वर आला की ई-१ वरचा वजीर त्याला मारणार. पांढऱ्याने वजिराला परत मारले तरी एक अख्खा हत्ती गेलेला, आणि हल्ल्यासाठी काही उरलेले नाही. ज्या मोहऱ्याने वाट अडवून धरली होती, तोच मोहरा आनंद यांनी आपल्या हाताने दूर केला.

दुसऱ्या दिवशी दहावा डाव बरोबरीत सुटला. साडेसहा विरुद्ध साडेतीन गुणांनी कार्लसन जगज्जेता झाला.

शिल्लक राहिलेले चित्र

पाच वेळा जगज्जेता झालेल्या माणसाला एक उघडी वाट दिसू नये, याचे नवल वाटते. परंतु ज्या घराकडे आनंद यांचे लक्ष होते ते पाहिले की नवल कमी होते. काळा बचाव करणार तो डी-१ वरून एच-५ गाठून, ही चाल त्यांच्या गणितात होती असे दिसते. त्या बचावाविरुद्ध घोड्याची चाल खरोखरच अधिक चांगली होती, कारण एच-५ वर आलेला वजीर हत्तीने मारला जाऊन घोडा हल्ल्यासाठी शिल्लक राहिला असता. म्हणजे चाल अविचाराने खेळलेली नव्हती. विचार झाला होता. तो चुकीच्या वाटेवर पहारा देत बसला होता.

सोव्हिएत ग्रँडमास्टर निकोलाय क्रोगियस हे व्यवसायाने मानसशास्त्रज्ञही होते. खेळाडूंच्या घोडचुका त्यांनी गोळा करून तपासल्या. त्यांना असे आढळले की पुढच्या चालींचा हिशेब करताना खेळाडूच्या मनातला पट पूर्णपणे बदलत नाही. हललेला मोहरा मनात काही काळ जुन्याच घरात उभा राहतो. चांगली दहा-बारा मिनिटे पाहिलेली मांडणी डोळ्यांत रुजते आणि नवी मांडणी तिच्यावर पुसटशीच उमटते. घोडा जी-३ वरून उठला, पण मनाच्या पटावर तो तेथेच बसून वाट अडवीत राहिला असावा.

घर बदलल्यावर काही दिवस पाय जुन्याच गल्लीकडे वळतात. घरातला कमावता माणूस आजारी पडून महिना दीड महिना उलटला तरी खर्चाचे गणित त्याचा पगार धरूनच चालते. यात मूर्खपणा नाही. परिस्थिती बदललेली आहे हे त्या माणसाला विचारले तर तो सांगू शकतो. हिशेब करताना मात्र त्याला ते आठवत नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) नवव्या डावात बरोबरी आनंद यांच्या उपयोगाची का नव्हती?
(आ) घोडा एफ-१ वर गेल्यामुळे कोणती वाट उघडली?
(इ) ‘विचार चुकीच्या वाटेवर पहारा देत बसला होता’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

जाणत्याची नजर

श्रेष्ठ खेळाडू इतरांपेक्षा कितीतरी अधिक चाली पुढचे पाहतो, असा सर्वसाधारण समज आहे. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी तो तपासून पाहिला. ते स्वतः उत्तम खेळाडू होते. नामवंत खेळाडूंपुढे पट मांडून त्यांना मोठ्याने विचार करायला सांगितले आणि ते जे बोलत ते टिपून ठेवले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले की श्रेष्ठ खेळाडू आणि चांगला खेळाडू यांच्या पुढे पाहण्याच्या खोलीत फारसा फरक नाही. फरक आहे तो पहिल्या दृष्टिक्षेपात. श्रेष्ठ खेळाडूला विचार करण्यासारख्या दोन-तीन चालीच दिसतात, आणि त्या बहुधा योग्य असतात. बाकीच्या त्याच्या मनात येतच नाहीत.

पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून तो आठवणीने मांडायला सांगितला. मास्टर खेळाडूने बहुतेक मोहरे जागच्या जागी ठेवले. नवख्याला चार-पाचच जमले. मग त्यांनी मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले. आता मास्टर आणि नवखा यांच्यात विशेष अंतर उरले नाही. मास्टरची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती तर! हजारो डाव खेळून त्याच्या मनात मोहऱ्यांचे ओळखीचे पुंजके तयार झाले होते, आणि विस्कटलेल्या पटावर ओळखीचे काहीच नव्हते. कुंभाराला चाकावरच्या मातीत जे दिसते, परिचारिकेला रुग्णाच्या चेहऱ्यात जे दिसते, तेही असेच मिळवलेले असते.

याच सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस सर्व पर्याय तपासून सर्वोत्तम निवडतो हे अर्थशास्त्राचे जुने गृहीत त्यांनी नाकारले. नागपूरहून चेन्नईला नोकरीसाठी आलेला तरुण भाड्याची खोली शोधतो तेव्हा तो शहरातली प्रत्येक खोली पाहत नाही. पाणी येते, भाडे परवडते, बस जवळ आहे, एवढे जमले की तो थांबतो. वेळ आणि बुद्धी दोन्ही मर्यादित आहेत, तेव्हा हेच शहाणपण होय.

मात्र या शहाणपणाची एक किंमत असते. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चांगल्या खेळाडूंपुढे असा पट ठेवला की त्यात मात करण्याचे दोन मार्ग होते : एक पाच चालींचा, सर्वांच्या परिचयाचा, दुसरा तीनच चालींचा, पण अपरिचित. खेळाडूंना परिचयाचा मार्ग लगेच सापडला. त्याहून जवळचा मार्ग आहे का, असे विचारल्यावर त्यांनी शोध घेतला आणि नाही म्हणून सांगितले. आपण संपूर्ण पट पाहत आहोत असेच त्यांना वाटत होते. पण प्रयोगकर्त्यांनी त्यांच्या डोळ्यांची हालचाल यंत्राने टिपली होती. नजर पुनःपुन्हा पहिल्या मार्गाच्याच घरांवर जात होती. परिचयाचा मार्ग पटावरून काढून टाकला तेव्हा त्याच दर्जाच्या खेळाडूंना तीन चालींचा मार्ग विनासायास दिसला.

डोळ्यांवरचा पडदा बाहेरून आलेला नसतो; पहिले चांगले उत्तरच पडद्याचे काम करते. ‘आम्ही सगळ्या बाजूंनी विचार केला’ असे म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांना तसे मनापासून वाटत असते, आणि म्हणूनच त्यांची समजूत घालणे इतके कठीण जाते.

पाठगत प्रश्न २
(अ) मोहरे विस्कटून मांडल्यावर मास्टर खेळाडूची कामगिरी का खालावली?
(आ) तुमच्या परिचयातील एखाद्या कारागिराची ‘नजर’ कशी तयार झाली असेल, ते पाच-सहा ओळींत लिहा.

न मागता आलेली भेट

पराभवानंतर काही महिन्यांतच आनंद यांनी आव्हानवीरांची स्पर्धा जिंकली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये रशियातील सोची येथे ते पुन्हा कार्लसनसमोर बसले. पाच डावांनंतर गुण समसमान होते. १५ नोव्हेंबरला सहाव्या डावात कार्लसनची स्थिती वरचढ होती. आनंद बचाव करीत होते. सव्विसाव्या चालीला कार्लसनने राजा एका घराने हलवला आणि हात मागे घेताच त्याला आपली चूक कळली. आनंद यांनी घोड्याने मधले प्यादे मारले असते तर त्यांना दोन प्यादी फुकट मिळून डाव पालटला असता.

कार्लसन निश्चल बसून राहिला. आनंद यांनी थोडा वेळ विचार केला आणि कडेचे एक प्यादे पुढे सरकवले. प्यादे हातातून सुटताच त्यांनाही काय हुकले ते दिसले. हा डाव ते हरले आणि पुढे सामनाही. भेट मिळेल अशी अपेक्षाच नसली की ती पुढ्यात आली तरी घेतली जात नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी डावानंतर काढले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोघांनाही चूक दिसली ती चाल खेळून झाल्याबरोबर, आधी नव्हे. चाल होईपर्यंत खेळाडू स्वतःच्या बेताच्या आत बसलेला असतो. चाल झाली की तो क्षणभर बाहेर येतो आणि समोरच्याच्या डोळ्यांनी पट पाहतो. आनंद बचावात होते. बचाव करणाऱ्याच्या मनात ‘समोरचा मला कोठे मारील’ हा एकच प्रश्न असतो. ‘मी त्याला मारू शकतो का’ हा प्रश्न त्या डावापुरता बाजूला पडलेला होता.

हे जाणूनच जुन्या सोव्हिएत प्रशिक्षकांनी एक नियम घालून दिला होता. चाल ठरली की ती लगेच खेळू नये. आधी कागदावर सावकाश लिहावी, मग मान वर करून पटाकडे असे पाहावे की जणू आपण नवखेच आहोत. मोहरा मोफत जातो का? एका चालीची मात तर नाही ना? नंतरच हात पुढे करावा. हा नियम बेंजामिन ब्लूमेनफेल्ड यांचा म्हणून ओळखला जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. गंमत अशी की २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने चाल आधी लिहून ठेवण्यास मनाई केली, कारण तसे करणे म्हणजे टिपणे काढणे ठरते. तेव्हापासून ते काम मनातल्या मनात करावे लागते, आणि मनातल्या मनात करायच्या गोष्टी घाईत प्रथम वगळल्या जातात.

निकाल कळल्यानंतरचे शहाणपण

चेन्नईच्या नवव्या डावानंतर पुष्कळांनी म्हटले की आनंद यांनी एवढा धोक्याचा खेळ पत्करायलाच नको होता. हे म्हणणे न्याय्य नाही. दोन गुणांनी मागे असताना सावध खेळून सामना जिंकता आला नसता. धोका पत्करण्याचा निर्णय योग्य होता; अठ्ठाविसावी चाल चुकली. परंतु शेवट वाईट झाला की आरंभही वाईट दिसू लागतो. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना शस्त्रक्रियेसारख्या निर्णयांच्या हकिगती वाचायला दिल्या. निर्णय तोच, माहिती तीच. काहींना शेवट चांगला सांगितला, काहींना वाईट. वाईट शेवट वाचणाऱ्यांनी त्याच निर्णयाला कमी प्रतीचा ठरवले.

याच्या आधी, १९७५ मध्ये, बारूक फिशहॉफ यांनी आणखी एक बाब दाखवली होती. त्यांनी निवडलेला प्रसंग आपल्या शेजारचाच होता : १८१४ मधील इंग्रज आणि नेपाळचे गुरखे यांच्यातील युद्ध. वाचकांच्या एका गटाला इंग्रज जिंकले असे सांगितले, दुसऱ्याला गुरखे जिंकले असे, तिसऱ्याला आणखी काही. मग विचारले, शेवट ठाऊक नसता तर तुम्ही कशाची शक्यता किती मानली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून संभवनीय वाटला. ‘मला वाटलेच होते’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते आपल्याला नंतर वाटलेले असते.

आजच्या प्रेक्षकाला या बाबतीत फार जपावे लागते. डाव चालू असतानाच संगणक पडद्यावर कोणाचे पारडे जड आहे ते आकड्यांत दाखवीत असतो. त्या आकड्याकडे पाहून खेळाडूला नावे ठेवणे सोपे असते. खेळाडूपुढे आकडा नसतो.

सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४

२०१३ च्या त्या सामन्यात काचेपलीकडच्या प्रेक्षकांत सात वर्षांचा एक मुलगा होता. दोम्माराजू गुकेश हे त्याचे नाव. तो नुकताच बुद्धिबळ शिकू लागला होता. अकरा वर्षांनी, अठराव्या वर्षी, तो स्वतः काचेआड बसला होता आणि समोर चीनचा जगज्जेता डिंग लिरेन होता. तेरा डाव होऊन दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण झाले होते.

चौदाव्या व अखेरच्या डावात पटावर थोडेच मोहरे उरले. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशपाशी एक प्यादे अधिक. जाणकारांच्या मते डाव बरोबरीचा होता. घड्याळात डिंगपाशी गुकेशच्या मानाने पुष्कळ कमी वेळ होता. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्तींची अदलाबदल देऊ केली. मोहरे कमी झाले की बरोबरी जवळ येते, हा अनुभवाचा नियम आहे आणि एरवी खराही आहे. पण डिंगचा उंट पटाच्या अगदी कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशचा उंट त्याच्यासमोर उभा राहिला असता, कोपऱ्यातल्या उंटाला निसटायला जागा उरली नसती, आणि उंटही पटावरून गेले की ते एक अधिक प्यादे डाव जिंकायला पुरेसे होते.

गुकेशलाही हे पहिल्या क्षणी दिसले नाही. हत्ती दुसरीकडे हलवण्याची चाल त्याच्या मनात तयार होती आणि ती तो जवळजवळ खेळणारच होता, असे त्याने नंतर सांगितले. सोचीत आनंद जेथे होते, नेमका तेथेच तो होता : चूक पुढ्यात पडलेली, बेत आधीच ठरलेला, हात उचललेला. तो थांबला. कोपऱ्यातल्या उंटाला जागा नाही हे त्याने पाहिले. मग पाण्याचा घोट घेतला, हत्तीने हत्ती मारला, उंट समोर आणला. तीन चालींनी डिंगने डाव सोडला.

शब्दार्थ

मोहरा – बुद्धिबळातील सोंगटी. हत्ती – उभा-आडवा चालणारा मोहरा. उंट – तिरका चालणारा मोहरा. शह – राजावर आलेला हल्ला. मात – ज्यातून राजाची सुटका नाही असा शह. गृहीत – पुराव्याशिवाय खरे मानलेले. पुंजका – एकत्र असलेला समूह. आशय – मथितार्थ. पारडे जड असणे – वरचढ असणे. नावे ठेवणे – दोष देणे.

स्वाध्याय

१. आनंद आणि गुकेश यांच्यापुढे अनुक्रमे सोची व सिंगापूर येथे आलेल्या प्रसंगांत कोणते साम्य आहे? फरक कशामुळे पडला असे तुम्हांला वाटते?

२. ‘धोका पत्करण्याचा निर्णय योग्य होता, अठ्ठाविसावी चाल चुकली.’ निर्णय आणि निकाल यांतील भेद दाखवणारा तुमच्या माहितीतील एक प्रसंग लिहा. प्रसंगात निर्णय घेताना ठाऊक असलेल्या गोष्टी आणि नंतर कळलेल्या गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांवर पडदा येणे, पहारा देणे, हात मागे घेणे, नावे ठेवणे.

४. येत्या आठवड्यात घ्यावयाचा एखादा निर्णय (खरेदी, कर्ज, प्रवेश, प्रवास) वहीत लिहून काढा. पहिल्यांदा सुचलेला पर्याय झाकून ठेवा आणि तो उपलब्धच नाही असे समजून दुसरे कोणते पर्याय दिसतात ते त्याखाली लिहा.